शेजारशेजारच्या ज्यू मंडळ्या एकमेकांना खरंच मदत करतात का?

हो करतात, आणि करावीच लागते. परंपरेप्रमाणे सामूहिक प्रार्थनेला मिन्यान म्हणजे किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, नऊच जमले तर तोराहचं (ज्यूंच्या धर्मग्रंथाचं) जाहीर वाचन होत नाही. १९४८ नंतर बरेच बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू, इस्रायलला गेले, मग शेजारच्या सिनेगॉगमधली (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली) माणसं आली तरच दहा भरतात. आम्हा नाशिककरांना जवळचं म्हणजे कसारा घाट उतरून ठाण्याचं, १८७९ चं. पण मला जास्त जवळची वाटते ती पुण्याची जोडी, कॅम्पातलं सिनेगॉग, ज्याला लाल देऊळ म्हणतात, डेव्हिड ससूननी बांधलेलं, बगदादी म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंचं, आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो बेने इस्रायलींचं, म्हणजे घरात मराठीच बोलणाऱ्यांचं. पूर्वी बरेच बगदादी बेने इस्रायलींना मिन्यानमध्ये मोजायचेच नाहीत (हे वाचून खूप वाईट वाटतं), आणि आता बगदादी फारच थोडे उरलेत तर त्यांच्या सिनेगॉगमधली प्रार्थना टिकवायला बेने इस्रायलीच उभे राहिले, मन मोठं लागतं हो त्याला. त्याआधी १९व्या शतकात कोचीनच्या ज्यूंनी येऊन बेने इस्रायलींना हिब्रू प्रार्थना शिकवल्या होत्या, ती मदत तर पार केरळातून आलेली.