कॉर्व्हेट घ्यावी की ई-टाइप?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. संग्रहासाठी १९६०च्या दशकातील एक स्पोर्ट्स कार घ्यायचा विचार आहे. ही माझी पहिलीच जुनी गाडी असेल. अमेरिकन कॉर्व्हेट स्टिंग रे आणि ब्रिटिश जॅग्वार ई-टाइप यांपैकी कोणती निवडावी?

उत्तर : पहिलीच गाडी असल्यामुळे आपण १९६३ ते १९६७ या काळातील कॉर्व्हेट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. देखणेपणात मला ई-टाइपच उजवी वाटते. १९६१ साली जिनिव्हात ती लोकांसमोर आली तेव्हाच तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. कॉर्व्हेटला ते मिळायला १९६५ उजाडले. परंतु संग्राहकाला गाडी पुढे वर्षानुवर्षे सांभाळायची असते आणि ई-टाइप सांभाळणे नवख्याला फार महागात पडते.

तिला स्वतंत्र चासी, म्हणजे बॉडीखालचा वेगळा सांगाडा नाही. मधला सांगाडा पत्र्याचाच असून त्याची बरीचशी ताकद दारांखालच्या पोकळ सिलमध्ये असते. ओलावा साचला की सिल आतून गंजते आणि वरून लांबी (पुट्टी) भरून रंग दिला की सगळे झाकले जाते. म्हणून सिलवर लोहचुंबक फिरवून पाहावे. ते चिकटत नसेल तिथे पत्र्याच्या जागी लांबी असण्याचीच शक्यता अधिक. इंजिन पेलणाऱ्या चौकोनी नळ्याही आतून गंजतात.

कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची असल्याने ती गंजत नाही, मात्र खालची पोलादी चासी आणि समोरच्या काचेभोवतीचा सांगाडा तपासलाच पाहिजे. तिच्यात खरी फसवणूक होते ती इंजिन नंबरात, कारण गाडीतले इंजिन मूळचेच आहे की नाही हे त्यावरून ठरते. इंजिनाच्या ब्लॉकवर (मुख्य ओतीव भागावर) उजव्या हेडच्या (सिलिंडरवरील झाकणाच्या) पुढे एक सपाट जागा असते आणि तिथे इंजिनाच्या खुणेबरोबर गाडीच्या सीरियल नंबरचे आकडे ठोकलेले असतात. कारखान्यातील यंत्राने उमटवलेल्या बारीक समांतर रेषा त्या जागेवर दिसायला हव्यात. ती घासून गुळगुळीत केलेली आढळली, तर नंबर मागाहून ठोकल्याचा संशय घ्यावा आणि जाणकाराने पाहिल्याशिवाय मूळ इंजिनाचा भाव देऊ नये.

तरीही मन ई-टाइपवरच असेल, तर १९६४ नंतरची ४.२ लिटरची पहिली मालिका पाहावी, कारण तिचा गिअरबॉक्स आधीच्यापेक्षा पुष्कळ सुधारलेला आहे. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात चासी व इंजिन नंबर आणि मूळ रंग यांची नोंद असते. ते हाती आल्यावरच विसार द्यावा.