सेकंड इयरला आहेस ना? मग आधी कागद जमव

सरकारी भरतीच्या जाहिरातींच्या मागं नंतर लाग. आधी दहावीचं मार्कलिस्ट आणि आधार शेजारी ठेव, नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ. वडिलांचं नावसुद्धा. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त कर, ऐन मुलाखतीच्या तोंडावर ही पळापळ नको. डोमिसाईल, जातीचा दाखला 'आपले सरकार'वरून किंवा तासगावच्या सेतूतून निघतो. नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा उन्नत गटात नसल्याचा दाखला, काढलास तरी निवांत राहू नकोस, त्याची मुदत 31 मार्चला संपते. जाहिरातीत कुठल्या तारखेपर्यंतचा मागितलाय ते वाच. बहुतेक पोरं तिथंच गचकतात, अभ्यासात नाही.

एमपीएससीच्या, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या, राज्यसेवेची पूर्व परीक्षा शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, म्हणजे नुसते गोळे रंगवून भागायचं नाही. आतापासून रोज पानभर मराठीत लिहीत जा. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीएचएसएल, म्हणजे क्लार्कसारख्या पदांची परीक्षा, बारावीवर आहे, तीही सोडू नकोस.

इंटर्नशिपचं म्हणशील तर 2024 ला आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 ठरले होते, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती नव्हती. कायम नोकरीची हमी तर नाहीच. कुणी 'चिकटवून देतो' म्हणत पैसे मागितले तर तिथूनच माघारी फिर.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जाहिरातीची पीडीएफ त्या-त्या आयोगाच्या साइटवर सापडली तरच खरी मानायची. रविवारी विश्रामबागला ये, तुझी फाईल बघतो.