जर्मनीतलं आजोळ शोधायला निघण्याआधी

सून किंवा जावई जर्मन आहे आणि मुलांना त्या बाजूचे पूर्वज बघायचेत, तर तिकिटांआधी गाव पक्कं करा. नुसतं ‘नॉयश्टाट’ कळून उपयोग नाही, त्या नावाची गावं ढिगानं आहेत. जिल्हा आणि धर्मपंथ दोन्ही हवेत.

१८७६ पासून जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी देशभर श्टांडेसआम्ट या सरकारी कार्यालयात होतात. जन्मनोंद ११० वर्षं, लग्नाची ८०, मृत्यूची ३० वर्षं तिथे राहते. नंतर ती बहुधा शहराच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेखागारात जाते. मुदतीतली नोंद थेट वंशजाला मिळते, पण नातं दाखवणारे सगळे दाखले जोडावे लागतात. १८७६ आधीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्या बघा: कॅथलिक असतील तर ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर फुकट, प्रोटेस्टंट असतील तर ‘आर्खिओन’ या संकेतस्थळावर पैसे भरून. सगळ्या वह्या तिथे नाहीत, म्हणून आधी घरबसल्या तपासा. कुरेंट हे जुनं जर्मन हस्ताक्षराचं वळण वाचताना ‘e’ हमखास ‘n’ वाटतो आणि आडनाव चुकतं.

अभिलेखागाराला आधी ईमेल करून वेळ घ्या. छोट्या गावात ते आठवड्यातून एखादाच दिवस उघडतं. पणजोबांची कबर सापडेलच असं धरू नका. तिथे कबरीची जागा भाड्याने असते, साधारण २०–३० वर्षांनी मुदत वाढवली नाही तर दुसऱ्याला देतात.

नातेवाइकांकडे न कळवता जाऊ नका. रविवारी दुकानं बंद, म्हणून खरेदी शनिवारीच उरका.