कॅम्पच्या तलावासाठी पैसे कसे उभे करू?

प्रश्न : आम्ही मूळचे नगरचे, आता नॉर्थ कॅरोलायनात. मुलं दर उन्हाळ्यात चर्चच्या कॅम्पला जातात, तिथला तलाव गाळाने भरत चाललाय, होडी चिखलात रुतते. कमिटीत मला ओढलंय. केक विकून, गाड्या धुवून काही होईल का?

उत्तर : ताई, केक विकाच, त्याने ओळखी वाढतात, पण गाळ काही निघायचा नाही. तुमच्याच राज्यातलं लेक जुनालस्का बघा ना, मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळींनी 1913 मध्ये सुरू केलेलं शिबिराचं ठिकाण, तलाव साधारण 200 एकर, आणि रिचलंड क्रीक हा ओढा वरून माती आणतच राहतो म्हणून तिथे पाणी उतरवून गाळ काढावा लागतो, तोही परत परत. म्हणजे एकदाच वर्गणी काढून भागत नाही, थोडा फंड कायम ठेवायला हवा आणि हे लोकांना पहिल्याच दिवशी सांगा, नंतर सांगितलं की चिडतात.

आधी इंजिनियरकडून खोली मोजून घ्या, गाळ कुठे टाकणार ते ठरवा, आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सची (नद्या-तलावातल्या कामांना परवानगी देणारं सरकारी खातं) परमिशन लागेल का ते विचारा. मग आकडा घेऊन जुन्या कॅम्पर्सकडे जा, खरा पैसा तिथेच असतो! पैसे फक्त तलावासाठीच असं लेखी द्या. 250 डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला टॅक्ससाठी चर्चची लेखी पावती लागते. ऑफिसचं मॅचिंग (कर्मचाऱ्याच्या देणगीला जोड म्हणून कंपनीने घातलेले पैसे) मिळतंय का बघा, काही कंपन्या चर्चला देत नाहीत.