टेबल झुकवण्याआधी

उद्या दुर्बिणीतून गर्भाशय काढताना भूल द्यायची तुझी पहिलीच केस ना? डोकं खाली केलं की आतडी वर सरकतात आणि सर्जनला ओटीपोट मोकळं मिळतं. पण पोटात भरलेला १२ ते १५ मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबाचा गॅस आणि वर आलेली आतडी, दोन्हींचा भार छातीच्या पडद्यावर येतो. एअरवे प्रेशर, म्हणजे फुप्फुसात हवा ढकलायला लागणारा दाब, चढतं. श्वासनलिकेतली ट्यूब कुणी हलवली नसली तरी उजव्या ब्राँकसमध्ये, म्हणजे उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीत, उतरू शकते. म्हणून टेबल झुकवल्यावर स्टेथोस्कोप छातीला दोन्हीकडे पुन्हा लाव, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडायची वाट बघू नकोस.

पायांबद्दल मी जरा जास्तच बोलते, माहितेय. पेठेतल्या एका नर्सिंग होममध्ये नवीन असताना दुसऱ्या दिवशी पेशंट म्हणाली, "ताई, चप्पल पायातून निसटतीये." गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाची गाठ लागते ना, तिथे स्टिरपचा, म्हणजे पाय वर धरणाऱ्या आधाराचा, दांडा टेकला होता. नस तिथे अगदी कातडीखाली असते. पाऊल वर उचलेना. तेव्हापासून तिथे बोट घालून गादी चाचपल्याशिवाय मी ड्रेप (निर्जंतुक चादर) टाकू देत नाही. पाय उतरवताना दोन्ही एकदम, हळू, आणि लगेच बीपी बघ.

घसरू नये म्हणून खांद्याला टेकू लावतात, ते मला पटत नाही. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, दुखावतो. त्यापेक्षा पाठीखाली फोम घाल, हात अंगालगत ठेव. केस चार तासांवर लांबली तर टेबल थोडा वेळ सपाट करायला सांग, पोटऱ्यांना रक्त कमी पडतं. सर्जन सर कुरकुरतील. कुरकुरू देत.

शेवटी डोळे-ओठ सुजलेले दिसले तर ट्यूब काढायची घाई नको, आत घसाही सुजलेला असू शकतो.