कोरोनाची लस वर्षभरात आली, मग आयसीयूतल्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर लस का नाही?

तुमच्या शेजाऱ्यांना परभणीहून संभाजीनगरला हलवलं, रिपोर्टवर क्लेब्सिएला हा जंतू आला आणि खाली औषधांच्या यादीत सगळीकडे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न जुमानणारा. आता पुढच्या महिन्यात वडिलांचं गुडघा बदलायचं ऑपरेशन आहे, म्हणून तुम्ही धास्तावलात. मी लातुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, असे रिपोर्ट रोज हातून जातात. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

क्लेब्सिएला जंतू वाढवायच्या प्लेटवर लगेच ओळखू येतो. मॅकॉन्की अगार नावाच्या थरावर गुलाबी, ओलसर, एकमेकांत मिसळलेल्या वसाहती. लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, उचलायला जावं तर कधीकधी पाकासारखी तार निघते. ही तार म्हणजे जंतूच्या अंगावरचं साखरेचं कवच. त्याच्यामुळेच पांढऱ्या पेशींना तो सहजी गिळता येत नाही. लस करायची तर पहिला नेम या कवचावरच. न्यूमोनियाच्या न्यूमोकोकस जंतूची लस तशीच बनते: कवचाची साखर घेऊन प्रथिनाला जोडायची. पण क्लेब्सिएलाच्या कवचाचे ७७ प्रकार जुन्या चाचण्यांतच नोंदले गेले होते, आणि जनुकं वाचायला लागल्यापासून आकडा शंभराच्या वर गेलाय. कोरोनाच्या लसीला एकच स्पाइक प्रथिन धरायचं होतं. इथं कुठले दहा-वीस प्रकार घ्यायचे? घेतलेच, तर उरलेले तुमच्या वॉर्डात येणार नाहीत कशावरून?

जखमा पिकवणाऱ्या स्टॅफ ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) या जंतूची गोष्ट आणखी वाकडी. तो तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात सुखाने राहत असतो आणि त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज आपल्या रक्तात आधीपासूनच असतात. म्हणजे त्या वाढवून भागत नाही. मर्क या औषध कंपनीने छातीच्या ऑपरेशनआधी सुमारे ८ हजार रुग्णांवर लस तपासली. २०११ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण फायदा तर दिसलाच नाही, उलट ज्यांना नंतर स्टॅफचा संसर्ग झाला त्यांच्यात लस घेतलेले जास्त दगावले. फायझरची चार घटकांची लस मणक्याच्या ऑपरेशनवाल्यांत तपासली जात होती, तीही डिसेंबर २०१८ मध्ये थांबली. कोणी प्रयत्नच करत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि लस द्यायची तरी कोणाला? हायवेवर अपघात झालेला माणूस तासाभरात व्हेंटिलेटरवर जातो, तर लसीला अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. मला सगळ्यात अवघड हेच वाटतं. अपवाद एक: नवजात बाळं. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळांच्या रक्तातल्या जंतूंमध्ये असिनेटोबॅक्टर (हाही रुग्णालयातला चिवट जंतू) पहिला आणि क्लेब्सिएला दुसरा होता. आईला गरोदरपणी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं की अँटिबॉडीज वारेतून बाळाला मिळतात. क्लेब्सिएलाची लसही तशीच आईला द्यायची, यावर काम चाललंय. यश आलं तर आधी एसएनसीयूतल्या, म्हणजे आजारी नवजातांच्या विशेष कक्षातल्या, बाळांच्या बाबतीत येईल, असं माझं मत.

उलट्या दिशेचाही एक प्रयोग आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मंडळींनी २०२३ मध्ये एक अशी लस मांडली, जिच्यात कुठल्याच जंतूचं प्रथिन नाही. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मोनोफॉस्फोरिल लिपिड ए आणि बुरशीतली मॅनन नावाची साखर, एवढंच. जंतू ओळखायला शिकवण्याऐवजी शरीराची जन्मजात फौज जागी करायची. एका डोसनंतर २४ तासांत संरक्षण सुरू, ते २८ दिवसांपर्यंत टिकलं, आणि स्टॅफपासून असिनेटोबॅक्टरपर्यंत बऱ्याच जंतूंवर चाललं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी टोचायला हवी तशीच! पण हे सगळं उंदरांत. उंदरांत चाललेल्या गोष्टी माणसांत आपटताना इतक्या बघितल्यात की मी अजून पेढे वाटणार नाही.

जंतू औषधांना निर्ढावला म्हणून लस चालत नाही, असं मात्र नाही. सिंध प्रांतात जवळपास कुठल्याच गोळीला दाद न देणारा टायफॉइड पसरला, तेव्हा २०१९ मध्ये पाकिस्तानने मुलांना जी लस दिली ती हैदराबादच्या भारत बायोटेकची होती.

आता वडिलांचं. महिन्याभरात क्लेब्सिएलाची लस येणार नाही. तीन महिन्यांची शुगर तपासून ती आटोक्यात आणा. नाकात स्टॅफ आहे का हे स्वॅबने बघता येतं, आणि असेल तर सांध्याच्या ऑपरेशनआधी नाकात मुपिरोसिन हे जंतुनाशक मलम लावण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेच केली आहे. सर्जनना तेवढं विचारा. ऑपरेशननंतर टाके निघेपर्यंत ‘हाय पॉवर’ गोळ्या लिहून द्या, असा आग्रह मात्र तुमच्याकडून नको. संसर्ग टाळायला ऑपरेशनच्या आधी देतात तो डोस कामाचा. नंतर तो लांबवल्याने जखम पिकायची कमी होत नाही, पोटातले जंतू तेवढे निर्ढावतात.