दाण्यात लोह हवे, तर सुरुवात बियाण्यापासून करा

शेतकरी बंधू-भगिनींनो, या वेळी आलेल्या शंकांचा विषय बहुतेक एकच आहे. घरातल्या बायकांच्या आणि लहान मुलांच्या रक्तात लोह कमी निघते, तर आपल्या पिकातून त्यावर काही उपाय होऊ शकतो का? होऊ शकतो, आणि हे काम एकट्या आरोग्य खात्याचे आहे असे मी मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 15 ते 49 वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी साधारण तिघींना रक्तक्षय आहे, आणि पाच वर्षांखालच्या दर दहा मुलांपैकी चौघांना. सगळाच रक्तक्षय लोहाअभावी होत नाही. हिवताप, आकडेकृमी, रक्ताचे आनुवंशिक आजार हीसुद्धा कारणे असतात. पण गरीब देशांत लोहाची कमतरता हे त्यातले फार मोठे कारण आहे, आणि तिथली बहुतेक कुटुंबे लोह मिळवतात ते धान्य, कडधान्य आणि भाजीपाल्यातूनच. म्हणजे ते आपल्याच शेतातून जाते.

"जमिनीत फेरस सल्फेट टाकले, तर धान्यातले लोह वाढेल का?"

फारसे नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त जणांनी विचारला आहे, म्हणून नीट सांगतो. बहुतेक जमिनींत लोहाची कमतरता नसते, पण चुनखडीच्या, जास्त सामू (पीएच) असलेल्या जमिनीत ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. वरून टाकलेले फेरस सल्फेटही अशा जमिनीत काही दिवसांत तसेच अडकते. पिकाची कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर फेरस सल्फेटची फवारणी जरूर करा. पीक सावरते, उत्पादन वाचते. मात्र पानावर फवारलेले लोह दाण्यापर्यंत फार थोडे जाते. जस्ताचे तसे नाही. दाणे भरताना जस्ताची फवारणी केली, तर गव्हासारख्या पिकाच्या दाण्यात जस्त चांगले वाढते. लोहाच्या बाबतीत दाण्यात किती साठणार हे मुख्यतः वाणाच्या गुणधर्मावर ठरते. त्यामुळे दाण्यात लोह वाढावे म्हणून खताचा खर्च करू नका, तोच पैसा चांगल्या बियाण्यावर घाला.

"लोहयुक्त वाण घेतले तर उतारा कमी येतो का? बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते का?"

दाण्यात जास्त लोह साठवणारी ही वाणे नेहमीच्या पैदास पद्धतीने, जास्त लोहाचे वाण निवडून आणि त्यांचा संकर करून तयार झाली आहेत. पैदासकारांनी पहिल्यापासून ठरवले होते की उतारा घटला तर शेतकरी ते वाण घेणार नाही, म्हणून लोह आणि उत्पादन दोन्ही पाहूनच निवड झाली. बाजरीचे 'धनशक्ती' हे वाण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून आले आणि 2012 मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाले. त्यात किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असते. हे सरळ वाण आहे, दरवर्षी नवे बियाणे लागणारे संकरित वाण नाही, म्हणून बियाणे घरचे राखता येते. बाजरीत परपरागीभवन होते हे मात्र विसरू नका. शेजारी दुसरे वाण असेल तर त्याचा पराग येतो आणि दोन-तीन हंगामांत गुण पातळ होतो. बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या बाजरीपासून निदान 200 मीटर लांब ठेवा, कडेच्या ओळी सोडा आणि मधल्या भागातली, वाणाशी जुळणारी निरोगी कणसेच निवडा. घेवडा-राजमा वर्गातल्या पिकांत स्वपरागीभवन होते, तिथे बियाणे राखणे सोपे. रवांडात 2010 पासून जास्त लोहाच्या घेवड्याची वाणे शेतकऱ्यांना दिली गेली. घेवडा तिथे जवळजवळ रोजच्या जेवणात असतो, म्हणूनच ते पीक निवडले गेले. वाण निवडताना हाच निकष लावा: घरात जे रोज आणि भरपूर खाल्ले जाते, त्याचेच लोहयुक्त वाण घ्या. महिन्यातून एकदा शिजणाऱ्या पिकात कितीही लोह असले, तरी त्याचा उपयोग थोडाच.

याने खरोखर फरक पडतो का, असेही एका भगिनीने विचारले आहे. रवांडात विद्यापीठात शिकणाऱ्या, शरीरातला लोहसाठा कमी असलेल्या तरुणींना 128 दिवस असा घेवडा दिला, तेव्हा साधा घेवडा खाणाऱ्यांपेक्षा त्यांचे हिमोग्लोबिन आणि लोहसाठा जास्त सुधारला. महाराष्ट्रात 12 ते 16 वयाच्या शाळकरी मुलांना लोहयुक्त बाजरी दिली, त्याही अभ्यासात लोहसाठा सुधारला. मी स्वतः हिशेब असा मांडतो. एखादी स्त्री दिवसाला 200 ग्रॅम बाजरी खाते. किलोमागे 47 मिलिग्रॅमऐवजी 77 मिलिग्रॅमचा दाणा असला, तर तिच्या पोटात 6 मिलिग्रॅम लोह जास्त जाते. त्यातले सुमारे 7 टक्के शोषले गेले असे धरले, तर रक्ताला 0.4 मिलिग्रॅम मिळतात. पाळी येणाऱ्या स्त्रीला रोज जवळपास दीड मिलिग्रॅम लोह शोषले जावे लागते. म्हणजे जेवणाचे प्रमाण न वाढवता, ताटातला पदार्थ न बदलता, गरजेचा चौथा हिस्सा नुसत्या वाणातून वाढला. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

दोघांनी धान्य तपासून घेतले आणि अहवालात वाणाच्या माहितीपत्रकापेक्षा कितीतरी जास्त लोह निघाले, म्हणून आनंदाने कळवले आहे. नमुना पुन्हा घ्या, अशी माझी विनंती आहे. मातीत लोह दाण्यापेक्षा शेकडो पटीने जास्त असते. खळ्यावरची चिमूटभर धूळ दाण्याला चिकटली, मळणी यंत्राचा गंजलेला भाग घासला गेला, तरी आकडा फुगतो, आणि ते लोह शरीराला फारसे लागत नाही. नमुन्यासाठी उभ्या पिकातून कणसे कापा, जमिनीला टेकू देऊ नका, स्वच्छ कापडावर हाताने चोळून दाणे काढा आणि कोऱ्या कागदी पाकिटात भरा. पत्र्याचा डबा वापरू नका. पाच-सहा ठिकाणची कणसे एकत्र केली, तर आकडा भरवशाचा येतो.

"व्यापारी या मालाला एक पैसाही जास्त देत नाही. मग आम्ही ते का लावायचे?"

प्रश्न रास्त आहे. लोह डोळ्यांना दिसत नाही. जीवनसत्त्व अ असलेले रताळे नारिंगी दिसते, गिऱ्हाईक ते ओळखून मागते. लोहयुक्त दाणा मात्र साध्या दाण्यासारखाच. गोणी उघडून व्यापाऱ्याला काही कळत नाही, आणि जे कळत नाही त्याला बाजार भाव देत नाही. इथे सरकारी धोरणानेच पुढे यायला हवे. नुसत्या प्रबोधनाने हे काम होणार नाही, असे माझे ठाम मत आहे. गेल्या अर्धशतकात अनेक देशांनी हमीभाव, खरेदी आणि अनुदान यांचा सगळा भर गहू-तांदळावर दिला. त्यामुळे भूक भागली, हे मोठेच काम झाले. पण कडधान्यांना ती खात्री मिळाली नाही. ती कोरडवाहू आणि हलक्या जमिनींवर ढकलली गेली. भारतात 1951 मध्ये दरडोई दररोज सुमारे 60 ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या, 2000 च्या सुमारास ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. ताट भरले, पण त्यातले लोह आटले.

धोरणाने हे उलटवता येते. भारताने 2018 मध्ये बाजरीच्या नव्या वाणांसाठी किमान अट घातली: किलोमागे 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असल्याशिवाय वाण प्रसारित होणार नाही. शेतकऱ्याला वेगळे काही निवडावेच लागत नाही, कुठलेही नवे बियाणे घेतले तरी हे लोह त्यात असतेच. मला हा मार्ग सर्वांत पटतो. दुसरा मार्ग सरकारी खरेदीचा. शाळेतल्या जेवणासाठी आणि स्वस्त धान्यासाठी सरकार मोठ्या प्रमाणावर माल घेते, त्यात वाण पाहून खरेदी केली आणि कडधान्यांना पक्की हमी दिली, तर पेरणीच बदलेल. उत्पादक गटांनी निवेदने देताना भावाच्या मागणीसोबत हीही मागणी ठेवावी. गिरणीत पिठात लोह मिसळण्याचा मार्गही चांगला आहे. चिली या देशात 1950च्या दशकापासून गव्हाच्या पिठात लोह मिसळतात. पण जो घरचे धान्य खातो, गावातल्या छोट्या गिरणीत दळतो, त्याच्यापर्यंत ते पीठ पोहोचत नाही. अशा कुटुंबांसाठी लोहयुक्त बियाणे हवे आणि शहरी ग्राहकांसाठी लोहयुक्त पीठ. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

"पालेभाज्या भरपूर लावल्या तर पुरेल का?"

लावा, पण पालकावर सगळी भिस्त ठेवू नका. त्यातले लोह शरीर फार थोडे घेते. वनस्पतीतल्या लोहाची हीच अडचण आहे: दाण्यातले फायटिक आम्ल ते धरून ठेवते, आणि जेवणासोबतचा चहा-कॉफी शोषण आणखी घटवतो. उपाय घरचेच आहेत. कडधान्य रात्रभर भिजवा, मोड आणा, पीठ आंबवा. त्याने फायटिक आम्ल कमी होते. त्याच जेवणात लिंबू, पेरू, टोमॅटो असे क जीवनसत्त्वाचे काही असू द्या, आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. मांस-मासे खाणाऱ्या घरांत थोडेसे मांस किंवा छोटे मासेही चांगले काम करतात, कारण त्यातले लोह सहज शोषले जाते आणि ताटातल्या इतर लोहालाही मदत होते. बांधावर लिंबू-पेरूची चार झाडे, परसात चार कोंबड्या एवढ्यावर सुरुवात करा, आणि त्यांचे उत्पन्न घरातल्या बाईच्या हाती राहू द्या. बुर्किना फासोत स्त्रियांना परसबाग, कोंबड्या आणि आहाराची माहिती असे एकत्र दिले, तेव्हा तान्ह्या बाळांमधला रक्तक्षय कमी झाल्याचे दिसले. नुसते बियाण्याचे पाकीट वाटून असे होत नाही.

शेवटची शंका एका गरोदर भगिनीची: घरात लोहयुक्त बाजरी सुरू केली आहे, तर गोळ्या बंद करू का? नाही, अजिबात नाही. गरोदरपणात लोहाची गरज इतकी वाढते की धान्याने ती भागत नाही. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या आणि हिमोग्लोबिन तपासत राहा. लहान मुलांना गोळ्या किंवा औषध मनाने देऊ नका, विशेषतः हिवतापाच्या भागात. तिथे मुलाची तपासणी आणि हिवतापावर उपचार आधी व्हावेत, आणि लोहाची मात्रा आरोग्यसेविकेने किंवा डॉक्टरांनीच ठरवावी.